वडील गेले, घरात शेती संरक्षणाची बंदूक आहे. आता ती कुणाच्या नावावर करायची?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. इथे कोकणातले बागायतदार बरेच आहेत म्हणून विचारतोय. आमचं गाव राजापूर तालुक्यात. आमचे तात्या श्रावणात गेले. त्यांच्या नावावर सिंगल बॅरल बारा बोअरची काडतुसाची बंदूक आहे, शेती संरक्षणाचा परवाना, मी शाळेत होतो तेव्हापासूनचा. दिवसकार्य आटपून मी डोंबिवलीला परत आलो पण बंदूक अजून माजघरातल्या लोखंडी कपाटात आहे, सोबत अर्धा डबा काडतुसं.

आता भाऊ रोज फोन करतो की बंदुकीचं काय ते ठरव, वानरं आत्ताच माडावरची कोवळी शहाळी तोडून खाली टाकतायत, पुढे मोहोर आला की आंबा, मग काजू. भावकीतले म्हणतात की मोठा मुलगा म्हणून परवाना आपोआप माझ्या नावावर होतो, फक्त अर्ज द्यायचा. खरं आहे का? मी तर गणपतीला आणि मे महिन्यात जाणारा माणूस. भाऊ गावात असतो पण तीन वर्षांपूर्वी बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला तेव्हा त्याच्यावर चॅप्टर केस झाली होती, शांतता राखीन असा एक वर्षाचा बॉण्ड लिहून दिला होता. त्यामुळे त्याला मिळेल का? आणि तोपर्यंत बंदूक घरात ठेवली तर चालते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

सड्यावरचा
तात्यांना श्रद्धांजली. बाकी सगळं नंतर, आधी बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस स्टेशनला जमा करा आणि पावती घ्या. आजच भावाला सांगा.

काजूबोंडू
एवढी घाई कशाला? आमचे आजोबा गेले तेव्हा बंदूक चार वर्षं माळ्यावर होती, कुणी विचारलं नाही. जमा केली की ती गंजून परत मिळते, लाकडी दस्ता किडतो. आधी नावावर करून घ्या मग दाखवा.

काळा_कोट
@काजूबोंडू, कृपया असा सल्ला देऊ नका, यात एखाद्याचं घर अडकेल.

धागाकर्ते, परवाना माणसाला दिलेला असतो. घराण्याला किंवा बंदुकीला नसतो. तात्या गेले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला आणि आता ज्याच्या ताब्यात ती बंदूक आहे त्याच्याकडे ती विनापरवाना आहे, मग तो सख्खा मुलगा का असेना. शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम २१ नेमकं यासाठीच आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारसाने ठरलेल्या मुदतीत स्वतःचा परवाना मिळवला तर ती त्याला परत मिळते, किंवा नको असेल तर ज्याला परवाना आहे त्याला विकताही येते. नुसती टाकून ठेवली आणि मुदत गेली तर मात्र सरकारजमा होऊ शकते.

आता शिक्षा. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. त्याआधी विनापरवाना साधं अग्निशस्त्र बाळगण्याला कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं होती, आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, वर दंड. आजोबांच्या वेळेस कुणी विचारलं नाही हे नशीब म्हणा. तेव्हा कागद तालुक्याच्या कपाटात होते, आता प्रत्येक परवान्याला युआयएन म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक आहे आणि तो देशभरच्या एकाच डेटाबेसमध्ये असतो. परवान्याची मुदत संपली की नाव यादीत वर येतंच.

मोठा मुलगा म्हणून आपोआप वगैरे काही नाही. वारसाला प्राधान्याने विचारात घेतात, पण त्याला नवीन अर्जदारासारखंच सगळ्या चाळणीतून जावं लागतं. अर्ज, पोलीस अहवाल, वैद्यकीय दाखला, बाकीच्या वारसांची ना हरकत.

भावाच्या चॅप्टर केसबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता कोर्टात आहे.

खाडीपलीकडे
मनापासून धन्यवाद. भावाला फोन केला, उद्या सकाळी जातोय. पोलीस पाटलांनाही सोबत घेऊन जायला सांगितलंय. काडतुसं मोजून लिहून ठेव म्हटलं.

सड्यावरचा
बरं केलंत. एक लक्षात असू द्या, बंदूक उघडून रिकामी आहे बघूनच बाहेर काढायची आणि नेताना कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या पिशवीत. तात्यांचा परवाना आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स बरोबर. पावतीवर बंदुकीचा नंबर नीट उतरवलाय का ते तिथेच उभं राहून वाचायचं. आमच्या पावतीत एक आकडा चुकला होता आणि तो दुरुस्त करून घ्यायला मला सहा महिने लागले.

चाकरमानी_परळ
माझा बाळबोध प्रश्न. धागाकर्ते डोंबिवलीला राहतात तर त्यांना तिथून गावच्या शेतीसाठी परवाना काढता येईल का? माझंही असंच आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, राहतो मुंबईत.

काळा_कोट
@चाकरमानी_परळ, अर्ज आपण नेहमी जिथे राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडे करायचा असतो. गावात राहणारा जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबई किंवा ठाणे शहरातला पोलीस आयुक्तांकडे. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बसून राजापूरच्या काजूला संरक्षण हवंय हे कारण कुठल्याच टेबलावर टिकणार नाही, आणि खरं सांगायचं तर टिकूही नये. जो रोज बागेत आहे त्यालाच ती गरज आहे.

आता भावाचं. कलम ९ मध्ये कुणाला शस्त्र घेताच येत नाही ते दिलंय. वय २१ पूर्ण नसलेला. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेला, अगदी थोड्या दिवसांची असली तरी, शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं. आणि शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून बॉण्ड घेतलाय असा माणूस, पण फक्त बॉण्डची मुदत चालू असेपर्यंत. चॅप्टर केस म्हणजे हेच, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२६ झालंय. तुमच्या भावाचा बॉण्ड एक वर्षाचा होता आणि तीन वर्षं झाली, म्हणजे कायद्याने तो अपात्र नाही.

पण पोलीस अहवालात ती केस येणारच. शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे, तो मिटलेला नाही, आणि त्याच घरात बंदूक द्यायची, हे वाचून कुठलाही अधिकारी थांबेल. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून परवाना नाकारता येतो, कलम १४. नाकारताना कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं, आपल्याकडे ते बेलापूरला कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे. त्याच कलमात आणखी एक चांगली गोष्ट आहे, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावर परवाना नाकारता येत नाही. चार गुंठ्यांचा शेतकरीही अर्ज करू शकतो.

वेतोबाचो_भक्त
माझा जरा येगळा मत मांडतंय, राग मानू नकात. आमच्याकडे वेंगुर्ल्यात म्हातारे सांगत, बंदुकीचो आवाज माकडाक आठ दिस लक्षात रवता, नवव्या दिसाक ता परत माडार. माझ्या बापाशीन दोन वरसां बार काढले. काडतुसांचो खर्च धरलो तर तेवढ्यात नारळ इकत घेवक परवाडले असते. माका इचारशात तर राखण माणसानच करूची लागता. सकाळी उजाडल्यापासून धा वाजेपर्यंत आणि तिनापासून दिवेलागणीपर्यंत बागेत माणूस फिरूक व्हयो, वांगडा दोन कुत्रे व्हये. बंदूक कपाटात रवता आणि माकडां माडार.

हापूसवाला_देवगड
@वेतोबाचो_भक्त, माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे पाचशे कलमं आहेत तीन तुकड्यांत, सगळी राखण नेपाळी गुरख्यांच्या जिवावर. हंगामात चार जोडपी येतात. मी दिवसा बागेत असतो तेव्हा माझी बंदूक माझ्या हातात, पण रात्री डुक्कर येतं तेव्हा गुरखा मागतो. आजवर देत आलोय, हवेत एक बार काढतो आणि परत आणून देतो. इथलं वाचून आता धास्तावलोय. हे चालतं ना?

काळा_कोट
नाही चालत हो, आणि हे ताबडतोब बंद करा. परवाना तुमचा आहे. दुसऱ्याने तुमची बंदूक तुमच्या समक्ष किंवा तुमच्या लेखी अधिकाराने दुरुस्तीला न्यायची, परवाना नूतनीकरणासाठी न्यायची किंवा तुमच्याच वापरासाठी आणून द्यायची, एवढीच सूट कायद्यात आहे. रात्री एकट्या गुरख्याने ती घेऊन बागेत फिरणं यात बसत नाही. त्याच्यावर विनापरवाना बाळगल्याचा गुन्हा आणि तुमच्यावर दिल्याचा, शिवाय परवाना जाईल तो वेगळाच. त्यातून तो गरीब माणूस परक्या मुलखातून आलेला, पकडला गेला तर त्याच्या जामिनाला कोण उभं राहणार? त्याला बॅटरी द्या, पत्र्याचा डबा द्या, कुत्रा द्या.

हापूसवाला_देवगड
बरोबर आहे. त्याच्या बाजूने कधी विचारच केला नव्हता. आजपासून बंद. बंदूक कपाटात आणि चावी माझ्या करगोट्याला.

रानवाटा
मी वन्यजीवांच्या कामाशी जोडलेला आहे म्हणून एक मुद्दा जो अजून कुणी काढला नाही. शेती संरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना आहे, जनावर मारायचा नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत आणि आपल्या गावांमध्ये यात फार मोठा गोंधळ आहे, कारण जुन्या लोकांनी दोन्ही एकच मानलं.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा, २०२२ साली त्यात मोठा बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, लागू झाल्या. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, बिबट्या अर्थातच आहे, आणि आपल्याकडचं लाल तोंडाचं माकडही पहिल्या अनुसूचीत गेलं. पेपरात जे आलं होतं की माकड यादीतून काढलं, ते उत्तरेकडचं माकड, ऱ्हीसस. आपल्या कोकणातलं बॉनेट, शेपूट लांब आणि डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस. दोन्ही लाल तोंडाची म्हणून बातमी वाचून लोकांना वाटलं की आता मोकळीक. तसं नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार म्हणजे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड.

काळ्या तोंडाचं वानर आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. यांच्यासाठी उभ्या पिकाचं नुकसान हे कारण दाखवून कलम ११ खाली वनविभागाकडून परवानगी मिळू शकते, पण ती लेखी घ्यावी लागते आणि बार काढण्याच्या आधी. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पिकाचं कारण चालतच नाही, तिथे माणसाच्या जिवाला धोका असला किंवा प्राणी बरा न होण्याइतका पंगू वा आजारी असला तरच. अचानक अंगावर आला आणि जीव वाचवताना मेला तर तो गुन्हा नाही, पण मेलेलं जनावर सरकारचं. डुकराचे वाटे घालून घरोघर गेले की मारणारा, आणणारा, शिजवणारा सगळे त्यात येतात.

काजूबोंडू
मग बंदूक घेऊन करायचं काय? नुसता आवाज?

रानवाटा
@काजूबोंडू, हो, नव्वद टक्के वेळा आवाजच. आणि तोही मोजून. तुमचा राग मला कळतो, काजूची बी भरायच्या आधी बोंडू चावून टाकलेलं बघितलं की पोटात तुटतं. माझ्या मामाने भुईमूग लावणं सोडलं, मग नाचणी सोडली, आता घराभोवतीच्या सुरणापर्यंत आलेत. सरकारने यावर बंदुकीपेक्षा वेगळं काहीतरी करायला हवं हे माझंही ठाम मत आहे, पकडून नसबंदी करणं, कुंपणाला पैसे देणं, नुकसानभरपाई वेळेत देणं. पण म्हणून फासकी लावू नका. डुकरासाठी वायरची फासकी लावतात आणि त्यात बिबट्या अडकतो, रात्रभर ओरडून ओरडून कंबरेतून तुटतो. एकदा बघितलंय, परत बघायची ताकद नाही.

बांद्याची_लेक
यात आरोग्याचं पण लिहिते, मी आशाताईंबरोबर काम केलंय. आमच्या दोडामार्ग आणि बांदा भागात २०१६ पासून माकडताप आहे. क्यासनूर म्हणून कर्नाटकात शिमोग्याजवळ जंगल आहे, तिथे १९५७ साली पहिल्यांदा सापडला. माकड मरतं तेव्हा त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि काजूत काम करणाऱ्या बायकांना चावतात, आणि आमचा काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच. म्हणून माकड मेलेलं दिसलं, कशानेही मेलेलं असो, शेपटीला धरून ओढायचं नाही, पऱ्ह्यात म्हणजे ओढ्यात टाकायचं नाही. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. कुणी लपूनछपून मारतं आणि पालापाचोळ्यात टाकतं तेव्हा त्या वाटेने पाणी आणायला जाणाऱ्या बाईला ते भोगावं लागतं.

आगर_गुहागर
खूप चांगली चर्चा चालू आहे. मला निवडणुकीचं विचारायचं आहे. दर वेळी आचारसंहिता लागली की बंदुका जमा करा म्हणून नोटीस. आता बघा, २०१९ ची लोकसभा, आपल्याकडे मतदान २३ एप्रिलला. २०२४ ची, ७ मेला. म्हणजे आंबा काजू ऐन भरात असताना आमच्या बंदुका पोलीस स्टेशनात. विधानसभा २०१९ ला २१ ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं. शेतकऱ्याची बंदूक शेतीसाठी आहे हे परवान्यावर लिहिलंय, मग नेमकी शेतीच्या वेळी काढून घेतात. हा अन्याय नाही का?

सड्यावरचा
+१. आमच्याकडे तर सगळ्यांना सरसकट नोटीस येते, आणि परत आणायला तीन फेऱ्या. एका फेरीत जमादार साहेब नसतात, दुसऱ्या फेरीत चावी नसते.

काळा_कोट
सरसकट जमा करायची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने यावर निकाल दिलेला आहे आणि निवडणूक आयोगाने तो पुढे सगळीकडे लागू केला. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची स्क्रीनिंग कमिटी असते, तिने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, आधी दंगलीत नाव आलेले, यांची शस्त्रं जमा करून घ्यायची. ज्यांची घेतली त्यांना निकालानंतर एक आठवडा झाला की लगेच परत द्यायची. नोटीस आली की गप्प बसून जमा करू नका, कमिटीकडे लेखी अर्ज द्या, सोबत सातबारा, पीक पाहणी, हंगाम कुठला आणि आजवर एकही गुन्हा नाही हे स्पष्ट लिहा. चार गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र दिला तर जास्त चांगलं. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

आगर_गुहागर
हे माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी नक्की. अर्जाचा नमुना टाकाल का?

काळा_कोट
वेगळा धागा काढून टाकते.

पिंपळपार
अवांतर होईल, पण बंदुकीची चर्चा चाललीय आणि मला राहवत नाही म्हणून लिहितो. मी अकरा वर्षांचा होतो. आमचे काका आणि त्यांचे दोन मित्र रात्री डुकराला गेले होते. परवाना एकाच्याच नावावर, बंदुका दोन, दुसरी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची, गावातल्याच एकाने बनवून दिलेली, कागद कसलाच नाही. काका पाण्यावर बसले होते, ते उठून दुसऱ्या बाजूला गेले लघवीला, हे बाकीच्यांना माहीत नव्हतं. झुडूप हललं आणि एकाने बार काढला. छर्रे पोटात आणि मांडीत. तालुक्याला नेईपर्यंत काका गेले.

ज्याने बार काढला तो काकांचा लहानपणापासूनचा मित्र. त्याला शिक्षा झाली, ती भोगून आला, पण माणूस म्हणून तो कधी परत आलाच नाही. आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसायचा, काही न बोलता. आजी त्याला चहा द्यायची. आजीने हे कसं केलं हे मला अजून समजत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, ठासणीची बनवून घेऊ नका, बनवणाऱ्याला तर आता सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि काळोखात, जे दिसत नाही त्याच्यावर बार काढू नका. कितीही शेती जाऊ दे.

बांद्याची_लेक
वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजींना नमस्कार.

वेतोबाचो_भक्त
🙏

हापूसवाला_देवगड
पिंपळपार, हे लिहिल्याबद्दल आभार. रात्रीचा बार माझ्याकडूनही बंद.

नवीन_कलम
मी लहान शेतकरी आहे, तीस कलमं आणि थोडा काजू. मला बंदूक नको आहे, छर्ऱ्याची एअरगन बस होईल असं वाटतं. तिला परवाना लागत नाही ना? आणि ती पाइपची कार्बाइडची तोफ मिळते ती कशी?

काळा_कोट
@नवीन_कलम, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते. त्याच्या वरची असेल तर परवाना लागतो. घेताना बिलावर हे दोन्ही आकडे लिहून घ्या. पण ती प्राण्यावर रोखलीत तर रानवाटा यांनी लिहिलेला कायदा तिलाही लागू आहे, माकडाचा डोळा गेला तरी तो गुन्हाच.

रानवाटा
आणि कार्बाइडच्या पाइपपासून लांब राहा. पेटत नाही म्हणून लोक तोंडाजवळ नेऊन आत बघतात आणि तेव्हाच उडतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात यानेच कितीतरी मुलांचे डोळे गेले. आमच्याकडे बागेत वापरणारे बरेच आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो.

खाडीपलीकडे
सर्वांचे आभार. बंदूक जमा झाली, पावती भावाने व्हॉट्सॲपवर पाठवली, नंबर जुळवला. काडतुसं सतरा निघाली, त्यातली चार कागदी नळीची, फुगलेली, तात्यांनी कधीची जपून ठेवली होती कुणास ठाऊक. जमादार साहेबांनी व्यवस्थित मोजून घेतली, चहा पण दिला म्हणे.

आता घरात दोन दिवस बोलणं झालं. भाऊ स्वतःच म्हणाला की माझं डोकं तापतं, माझ्या नावावर नको. मला त्याचं फार कौतुक वाटलं. पण शेती तर राखायला हवी. आणि खरं म्हणजे आमच्याकडे शेती ताई बघते. भावोजी गेल्यावर ती माहेरी आली त्याला आठ वर्षं झाली, कलमांची फवारणी, मजूर, खत, काजूचा हिशोब सगळं तिच्याकडे. वय सत्तेचाळीस. तात्यांच्या बरोबर बागेत जायची, बंदूक साफ कशी करायची ते तिला येतं. तिच्या नावावर परवाना होऊ शकतो का? भावकीतल्या एकाने ऐकून म्हटलं, बाईमाणसाला बंदूक कोण देतो.

काळा_कोट
कायदा देतो! कलम ९ मध्ये वय आहे, शिक्षा आहे, बॉण्ड आहे, बाई की पुरुष हे कुठेच नाही. मुलगी म्हणून ती तात्यांची वारस आहे, गावात राहते, स्वतः शेती करते, तिच्यावर कसलीही केस नाही. तुमच्या घरात याहून योग्य अर्जदार नाही.

काय करायचं ते सांगते. तलाठ्याकडे वारस नोंद घालून फेरफार मंजूर करून घ्या, म्हणजे सातबाऱ्यावर आई, ताई आणि तुम्ही दोघे याल. मग आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांचं ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र. ताईचा फॉर्म ए-१ मधला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यात तात्यांच्या बंदुकीचा नंबर आणि जमा पावती जोडा. शारीरिक आणि मानसिक तब्येतीचा दाखला लागतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, तात्यांनी शिकवलं हे चांगलंच पण कागद हवा. घरात कुलपाच्या कपाटात ठेवीन असं हमीपत्र. पोलीस अहवाल नियमाप्रमाणे ३० दिवसांत जायला हवा, तेवढं झालं की तारीख धरून पाठपुरावा करा. परवाना मिळाला की पाच वर्षांचा असतो, आधी तीन वर्षांचा होता.

अर्जाच्या कारणात एक नीट लिहा. कायद्याने पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे, ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. तुमची बारा बोअर त्यात येते. क्षेत्र किती, तुकडे किती लांब, नुकसान काय झालं, वनखात्याकडे केलेल्या तक्रारींच्या प्रती, सगळं जोडा.

आगर_गुहागर
आणि ज्यांचे वडील अजून आहेत त्यांच्यासाठी विचारतो, हयातीत नावावर करता येते का? माझे बाबा ७४ चे आहेत, हात थरथरतो.

काळा_कोट
@आगर_गुहागर, येते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला असेल किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असेल, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करायला सांगू शकतो. बाबा स्वतः सही करायला असतात तोवर हे करून टाका, नंतर भावंडांच्या ना हरकतीसाठी फिरावं लागतं. आणि ज्यांच्याकडे तीन बंदुका आहेत त्यांनी लक्षात घ्या, २०१९ पासून एका माणसाला दोनच. बाबांची घेतल्यावर तुमच्या तीन होत असतील तर आधी एक कमी करावी लागेल.

काजूबोंडू
मी सुरुवातीला जे लिहिलं ते चुकीचं होतं, मागे घेतो. आमच्या आजोबांच्या बंदुकीचा परवाना शेवटी कुणी केलाच नव्हता, ती माळ्यावरून खाली काढून चुलत्यांनी नेली होती. ती आता नक्की कुठे आहे ते विचारायला आज संध्याकाळी चुलत्यांकडे जातोय.

सड्यावरचा
लगेच जा. आणि इथे कळव.

खाडीपलीकडे
ताईशी बोललो. आधी नको म्हणाली, लोक काय म्हणतील. मग आई म्हणाली, माडावर चढणारा मिळत नाही तेव्हा लोक येतात का विचारायला? सोमवारी ती तलाठ्याकडे जातेय वारस नोंदीला. प्रशिक्षण कुठे मिळेल ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून इथे टाकतो. तोपर्यंत भावाने दोन पिल्लं आणलीत, एक काळं एक तांबडं, आणि दुपारी तीन ते दिवेलागण आळीपाळीने फिरायचं ठरलंय.

वेतोबाचो_भक्त
बरा केलास. पिल्लांक आत्तापासून माडाखाली बांधून सवय लाव, घराकडे बांधलंस तर ती घरच राखतीत. आणि ताईक माझो नमस्कार सांग.